तात्पुरतं बांधकाम

नकाशावर तो रस्ता आधीच झाला होता.
बारा मीटर रुंद, तांबड्या रेघेचा,
उलानबातरच्या उत्तरेकडच्या टेकडीवर
कुंपणाला कुंपण लावून बसलेल्या वस्तीतून
नाकासमोर वर जाणारा.
मीच ओढला होता, कार्यालयात, हीटरला पाठ लावून.
पट्टी नवी होती.

जागेवर मात्र एक बोळ.
गोठलेलं सांडपाणी, साखळीची कुत्री,
कोळशाचा धूर, जो कुठल्याच झोनमध्ये मावत नाही,
आणि ढकलगाडीवर पाण्याचे कॅन चढवत आणणारी मुलं.
टँकर खालच्या वळणाशी थांबतो.
जानेवारीत अँब्युलन्सही तिथेच थांबली होती.
माझ्या अहवालात याला
‘प्रवेशमार्गाचा अभाव’ म्हटलं आहे.

त्सेरेनल्हामच्या गेरमध्ये बसून मी फॉर्म भरला.
भूखंड : सातशे चौरस मीटर.
बांधकाम : लाकडी जाळी, नमदा, कॅनव्हास.
प्रकार : तात्पुरतं.
भरपाई : लागू नाही.

‘तात्पुरतं म्हणजे गं?’
चुलीत कोळसा सारत तिनं विचारलं.
‘छताच्या या काठ्या माझ्या आईच्या लग्नातल्या.
एका हिवाळ्यात तीनशे मेंढ्या उभ्या उभ्या गोठल्या,
नवरा शहरात आला आणि शहरातच गेला,
तुझ्या कार्यालयाचं नाव चारदा बदललं.
तात्पुरत्याची यादीच करायची तर
कागद पुरेल ना तुला?’
मी दुधाचा खारट चहा प्यायले.
रकाना बदलला नाही. तो अधिकार मला नाही.

शेजारी ओच्बादराख. विटांच्या दोन खोल्या,
तिसरीच्या सळ्या आभाळात.
घर बांधून पाहिलेल्या माणसाचा चेहरा,
बँकेचा हप्ता कपाळावर.
तांबडी रेघ त्याच्या स्वयंपाकघरातून जात होती.
प्रकार : पक्कं. भरपाई : लागू.
पण भरपाईत त्याचं कर्जही फिटत नव्हतं,
म्हणून सही नाही.
सव्वीस कुंपणांत एकोणीस सह्या,
पाच ‘बघू’, एक कुलूप,
आणि तो.

तीन बैठका झाल्या.
लोकसहभाग, असा फलक आम्हीच लावला होता.
लोक आले, शेवटपर्यंत कोट काढले नाहीत.

चौथ्या बैठकीच्या आधीचा शनिवार. उणे अठ्ठावीस.
मी मोजणीला गेले तर त्सेरेनल्हामची चूल बाहेर बर्फात,
धुराडं आडवं,
आणि पोरं छताचं चाक डोक्यावर घेऊन निघालेली,
जशी काही वरात.
जाळ्या मिटल्या. नमदा गुंडाळला.
कुंपणाच्या फळ्या ओच्बादराखनंच उपटल्या, न बोलता.
दुपार टळायच्या आत गेर उभं होतं,
नऊ मीटर वर,
दार पुन्हा दक्षिणेला.

‘हे काय केलंत?’
‘काही नाही. सरकले जरा.’

रस्ता आता तिच्या अंगणातून
ओच्बादराखच्या भिंतीला वळसा घालून वर जातो.
नकाशा दुरुस्त करायला घेतला तेव्हा कळलं,
पट्टीनं ती रेघ येत नाही.
हातानं काढली. साहेबांनी विचारलं,
इथे हे पोट कसलं सुटलंय रस्त्याला?

भरपाईच्या तक्त्यात
‘पाडलं’ आहे, ‘संपादित’ आहे, ‘अतिक्रमण’ आहे.
‘सरकलं’ नाही.

वसंतात वरच्या भूखंडांचे भाव दुप्पट झाले.
दलाल ओच्बादराखकडे येऊन बसतो, तिसऱ्या खोलीत.
तिच्याकडे कोणी येत नाही. तिचं बांधकाम तात्पुरतं.

पहिला टँकर वर गेला त्या दिवशी
मी खाली उभी होते.
जुन्या जागेवर अजून एक गोल होता,
भोवतीचा सगळा बर्फ पांढरा
आणि मधे तेवढी माती काळी, कोरडी,
कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.
टँकरचं चाक त्यावरून गेलं.
ड्रायव्हरनं तिथे वेग थोडा कमी केला,
का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.